एरिथ्रो म्हणजे लाल: दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

दरवर्षी पावसाळा ओसरला की आमच्या आरोग्य केंद्रात नवी मुलं येतात. कोणी डीएमएलटी करून प्रयोगशाळेत, कोणी एएनएम होऊन उपकेंद्रावर, एखादी आशाताई नुकतीच नेमलेली. केळापूर, झरी, घाटंजी, मारेगाव या बाजूची पोरं. शाळा मराठीतून झालेली, हात कामाला चांगले, शीर पहिल्या टोचणीत सापडते. अडतात ती शब्दांपाशी. ईएसआर या रक्ततपासणीचं पूर्ण रूप विचारलं की मान खाली जाते, कारण पाठ केलेला शब्द ऐनवेळी दगा देतो. पाठ करायचा नसतोच तो. फोडायचा असतो. एकच ग्रीक शब्द नीट फोडता आला तर रक्ताच्या रिपोर्टपासून धुऱ्यावरच्या झाडापर्यंत कितीतरी नावं आपोआप उलगडतात. तो शब्द एरिथ्रॉस, म्हणजे लाल. तो कसा शिकायचा ते मी मुलांना ज्या क्रमाने सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते.

पहिली पायरी: शब्द आधी कानाने ओळखा

‘एरिथ्रॉस’ दोनदा मोठ्याने म्हणा. मग ‘रुधिर’ म्हणा. र, मग ध किंवा थ, मग पुन्हा र. हा योगायोग नाही. ग्रीक आणि संस्कृत या दोन भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटल्या आणि लाल रंगाचं एकच मूळ दोन्हींत उतरलं. संस्कृतातल्या ‘ध’च्या जागी ग्रीकमध्ये ‘थ’ येतो आणि शब्दाच्या तोंडी एक स्वर जास्तीचा. रोहित, लोहित, लॅटिनमधला रूबर आणि इंग्रजीतला रेड हे सगळे याच घरातले. ‘रक्त’ मात्र वेगळ्या धातूचं. ते ‘रंगणे’ या अर्थाच्या रंज् धातूपासून आलं. म्हणजे एरिथ्रोचा खरा सख्खा भाऊ पोथीतलं रुधिर आहे. हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा जातो. मी दरवेळी पाहिलंय.

जुने ग्रीक लोक तांबड्या समुद्राला आणि पुढे आपल्या अरबी समुद्रालाही ‘एरिथ्रा’ म्हणजे तांबडा समुद्र म्हणत. पहिल्या शतकात त्या वाटेने आलेल्या एका ग्रीक दर्यावर्द्याच्या टिपणात आपल्या पैठणचं आणि तेरचं नाव येतं. आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाचं नाव याच समुद्रावरून पडलं.

दुसरी पायरी: सारखे वाटणारे शब्द वेगळे काढा

इथे घाई केली की चूक होते. ‘आर्थ्रो’ म्हणजे सांधा. आर्थ्रायटिस म्हणजे सांध्यांची सूज, लाल रंगाशी त्याचा संबंध नाही. ‘थ्रॉम्बो’ म्हणजे गुठळी. ‘अरिदमिया’ म्हणजे हृदयाचा ठोका चुकणं. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर हे चारही सारखेच दिसतात, म्हणून पहिलं अक्षर बघा आणि त्याच्यापुढचं ‘रिथ’ शोधा. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, अंदाजाने रजिस्टरमध्ये चढवू नका.

रंगांचे बाकीचे शब्दही एका वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: ल्युको पांढरा, मेलॅनो काळा, सायनो निळा, झँथो पिवळा, क्लोरो हिरवा, रोडो गुलाबी. त्यावर वेगळा वेळ घालवायची गरज नाही. एरिथ्रो पक्का झाला की बाकीचे त्याच वाटेने येतात.

तिसरी पायरी: मागचं शेपूट वाचा

एरिथ्रो पुढे, शेपूट मागे. ‘साइट’ म्हणजे पेशी. एरिथ्रोसाइट म्हणजे लाल पेशी, रिपोर्टवरची आरबीसी. दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली चकती, रुंदी साधारण ७ ते ८ मायक्रॉन, आयुष्य सुमारे १२० दिवस. ‘ब्लास्ट’ म्हणजे कोंब. एरिथ्रोब्लास्ट ही लाल पेशीची कोवळी अवस्था, तिची जागा अस्थिमज्जेत. ‘पोएसिस’ म्हणजे घडवणं, कवीला इंग्रजीत पोएट म्हणतात तेही याच शब्दावरून. एरिथ्रोपोएटिन हे लाल पेशी घडवायला सांगणारं संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात तयार होतं. म्हणून मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं हिमोग्लोबिन पडतं आणि डायलिसिसवरच्या रुग्णाला त्याचं इंजेक्शन द्यावं लागतं. प्राणवायू कमी पडला हे पेशीला कसं कळतं, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. त्या शोधाचा एक धागा याच संप्रेरकापासून सुरू झाला होता.

एएनएम ताईंनी यातला एक लांबलचक शब्द लक्षात ठेवावाच: एरिथ्रोब्लास्टोसिस फिटॅलिस. फोडून बघा. एरिथ्रो लाल, ब्लास्ट कोवळी पेशी, ओसिस म्हणजे बेसुमार होणं, फिटॅलिस गर्भातल्या बाळाचं. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला तर आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं पुढच्या बाळाच्या लाल पेशी फोडतात. बाळाची मज्जा घाईघाईने कच्च्या पेशी रक्तात सोडते. उपाय साधा आहे. पहिल्याच तपासणीत रक्तगट बघायचा, निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन मिळेल याची व्यवस्था आधीच लावायची. गर्भपात झाला तरी हे लागू आहे, हे बऱ्याच जणी विसरतात.

मलेरियाच्या काचपट्ट्या बघणाऱ्यांना ‘एक्सो-एरिथ्रोसायटिक’ असा शब्द भेटेल. एक्सो म्हणजे बाहेर. लाल पेशीच्या बाहेर, म्हणजे यकृतात, जंतू वाढतो ती अवस्था. व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात महिनोन् महिने झोपून राहतो आणि रक्ताच्या थेंबात दिसत नाही. त्याच्यासाठीच प्रायमाक्विन १४ दिवस असतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की माणूस गोळ्या कोनाड्यात ठेवून वावरात जातो. त्याला शब्द सांगू नका, पण अर्थ सांगा: ‘भाऊ, रगतातला मेला, काळजाखालचा अजून जिता हाये.’ ही गोळी सुरू करायच्या आधी जी-सिक्स-पीडीची विचारपूस डॉक्टर करतात, कारण त्या विकराची कमतरता असलेल्याच्या लाल पेशी या गोळीने फुटतात.

चौथी पायरी: ईएसआर स्वतःच्या हाताने लावा

एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट. लाल पेशी खाली बसण्याचा वेग. पोलंडच्या बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये हे रक्ताचं खाली बसणं आजाराशी जोडलं, स्वीडनच्या फोरेउस यांनी १९१८ मध्ये त्याचा पुढे अभ्यास केला आणि वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये जी पद्धत मांडली तीच आपण आजही वापरतो.

चार भाग रक्त, एक भाग ३.८ टक्के सोडियम सायट्रेट. हलक्या हाताने उलटसुलट करून मिसळा, हलवून फेस काढू नका. वेस्टरग्रेनची नळी रबरी फुग्याने शून्यापर्यंत भरा. तोंडाने ओढायचं नाही, कितीही जुना माणूस तसं करताना दिसला तरी. बुडबुडा राहिला तर पुन्हा भरा. नळी स्टँडमध्ये सरळ उभी करा आणि घड्याळ लावा. बरोबर एका तासाने वर जो पिवळसर पाण्यासारखा भाग सुटला असेल, तो किती मिलिमीटर आहे ते वाचा. पुरुषाला साधारण १५ आणि बाईला २० पर्यंत ठीक. वय वाढलं की थोडा जास्त येतो.

तो तास एकदा तरी नळीसमोर बसून काढा. आधी काहीच होत नाही. मग सगळ्यात वर केसाएवढी स्वच्छ रेघ दिसते. आत काय चाललंय ते असं: लाल पेशी एकीवर एक बसून चवड लावतात, भाकरींची लावतो तशी. चवड जड झाली की झपाट्याने खाली जाते, नळीच्या तळाशी दाटी झाली की वेग पुन्हा मंदावतो. शरीरात कुठे दाह असेल तर रक्तातली फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, पेशी जास्त चिकटतात, चवड लवकर लागते. म्हणून ईएसआर वाढतो. आजाराचं नाव तो कधीच सांगत नाही, घरात काहीतरी शिजतंय एवढंच सांगतो.

आता आपल्याकडची अडचण. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त वाटतं. ही तपासणी १८ ते २५ अंशांत करायची असते, उष्णतेत रक्त लवकर बसतं आणि आकडा खोटा वाढतो. उन्हाळ्यात मी नमुने सकाळी आठच्या आत लावते, खोलीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात. कूलर हवा, पण ज्या ओट्यावर नळ्या आहेत त्याला कूलरचा हादरा लागायला नको. नळी जराशी कलली तरी आकडा बिघडतो, कारण कललेल्या भिंतीवरून पेशी घसरत जातात. तीन अंशांचा कल आकडा तीस टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. आमचा ओटा एका बाजूला खचलेला होता, हे मला ओळंबा लावून बघेपर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच गवंड्याकडून ओळंबा मागून आणा.

आणि सिकलसेल. विदर्भात काम करायचं तर हे आधी शिका. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अशा पेशींची चवड लागत नाही. त्यामुळे सिकलच्या रुग्णाला अंगभर दाह असला तरी ईएसआर कमीच येऊ शकतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अकरा-बारा वर्षांचा एक सिकलचा मुलगा आला होता. ताप, उजवी नडगी दुखते, पाय टेकवत नाही. ईएसआर आला ६. मी त्याच्या आईला म्हटलं, ‘ताई, घाबरू नका, रिपोर्ट चांगला आहे.’ डॉक्टरांनी पाय दाबून बघितला आणि लगेच पुढे पाठवला. हाडात पू झाला होता. वेळेत उपचार मिळाले, पोरगा चालायला लागला, पण मी त्या माउलीला दिलेला दिलासा चुकीचा होता. तेव्हापासून नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर सिकल लिहिलंय का ते बघितल्याशिवाय मी ईएसआरचा आकडा कोणाला सांगत नाही. उलट बाजूही लक्षात असू द्या: साध्या अ‍ॅनिमियात पेशी कमी असतात म्हणून त्या लवकर बसतात, आणि गरोदरपणातही आकडा वाढतो. दोन्हीत संसर्ग असेलच असं नाही.

पाचवी पायरी: कातडीवरचा लाल रंग

एरिथिमा म्हणजे कातडी लाल होणं. पुस्तकातल्या चित्रात गोऱ्या कातडीवर गुलाबी चट्टा असतो. तो आपल्याकडे शोधू नका. वावरात उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर एरिथिमा लाल दिसतच नाही; जांभळट दिसतो, कधी नुसता काळपट. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. हाताची पालथी बाजू चट्ट्यावर आणि मग शेजारच्या चांगल्या कातडीवर ठेवा, ऊब कळते. दुसऱ्या हाताशी किंवा पायाशी ताडून बघा. उजेड खिडकीचा घ्या, ट्यूबलाइटचा नको.

मग स्वच्छ काचपट्टी चट्ट्यावर हलकेच दाबा. रंग विरला तर एरिथिमा, म्हणजे रक्तवाहिन्या फुलल्या आहेत पण रक्त आतच आहे. रंग तसाच राहिला तर रक्त बाहेर झिरपलंय, त्याला पर्प्युरा म्हणतात. डेंग्यूच्या दिवसांत तापासोबत असा न विरणारा रंग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

एरिथिमाला मागे विशेषणं जोडलेली असतात, त्यातली तीन आपल्या कामाची.

एरिथिमा नोडोसम लेप्रोसम: कुष्ठरोगातली दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया. नोडोसम म्हणजे गाठींचा. अंगावर दुखऱ्या, गरम गाठी उठतात, ताप येतो, सांधे धरतात, कधी डोळे लाल होतात. औषध चालू असताना किंवा संपल्यावरही हे होतं. रुग्णाला वाटतं गोळ्या बाधल्या, आणि तो एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगाचा औषधोपचार, बंद करतो. तसं करू द्यायचं नाही. एमडीटी चालूच ठेवायची आणि प्रतिक्रियेचा उपचार डॉक्टर वेगळा करतात. जिथे वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन आणि वर्ध्याजवळ दत्तपूर उभं राहिलं, त्या भागात आपण काम करतो. आशाताईला या गाठी बोटाने ओळखता आल्याच पाहिजेत.

एरिथिमा अब इग्ने: पौषात म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी-लाल पट्टे बघितलेत ना? रोज शेकोटीसमोर तासन् तास बसल्याने ते येतात. ‘इग्ने’मधला इग्नि म्हणजे आपला अग्नीच, तोही भाषेतला सख्खा भाऊ. आजोबांना शेकोटी सोडा म्हणू नका, जरा मागे सरकून बसा म्हणा.

एरिथिमा इन्फेक्शिओसम: लहान मुलांचा साधा आजार, गालावर चापट मारल्यासारखी लाली. पार्व्हो बी-१९ हा विषाणू. बहुतेक पोरं आपोआप बरी होतात. पण हाच विषाणू मज्जेतल्या एरिथ्रोब्लास्टच्या पिढीवर बसतो आणि आठवडाभर नव्या लाल पेशी बनणं थांबवतो. ज्याची पेशी १२० दिवस जगते त्याला हा आठवडा जाणवतही नाही. सिकलच्या मुलाची पेशी १० ते २० दिवसच जगते. त्याचं हिमोग्लोबिन आठ दिवसांत धोक्याच्या पातळीवर येतं. म्हणून अंगणवाडीत गाल लाल झालेली दोन-तीन मुलं दिसली तर त्या गावातल्या सिकलच्या मुलांच्या घरी जाऊन या. एकदम पांढरं पडलंय का, धाप लागते का, मलूल झालंय का, विचारा. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवर भर आहे. तपासणीनंतरचं हे घरी जाणं आपलं काम आहे.

सहावी पायरी: लाल कुठे लपलाय ते शोधा

काही नावांत एरिथ्रो असतो, पण समोरची वस्तू लाल नसते. एरिथ्रोमायसिन १९५२ मध्ये औषध म्हणून आलं. फिलिपिन्समधल्या मातीत सापडलेल्या ज्या जंतूपासून ते मिळालं, त्याच्या जातीच्या नावातच लाल रंग आहे: सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया. आज ज्याच्या त्याच्या खिशात असलेलं अझिथ्रोमायसिन याच्याच रेणूत बदल करून केलं. नावातलं ‘थ्रोमायसिन’ हे एरिथ्रोमायसिनचं उरलेलं शेपूट. सर्दीला ते मागून घेऊ नका आणि देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

एरिथ्रिटॉल ही मधुमेहींसाठी विकली जाणारी साखर पांढरीशुभ्र असते. १८४८ मध्ये जॉन स्टेनहाउस यांना ती शैवाकात, म्हणजे बुरशी आणि शेवाळ मिळून वाढतात त्या जीवात, सापडली, आणि लाल-जांभळा रंग काढायला लोक हे शैवाक वापरत. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल शैवाकच आहे. एरिथ्रोसिन मात्र खरोखर लाल. केकवरच्या चेरीचा रंग. आपल्याकडे ठरावीक प्रमाणात त्याला परवानगी आहे, अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घेतली.

आणि एकदा बाहेर चला. फाल्गुनात धुऱ्यावर तीन झाडं लाल होतात: पळस, काटेसावर, पांगारा. तिन्ही लाल असली तरी एरिथ्रो एकाच्याच नावात आहे. पांगारा म्हणजे एरिथ्रिना. पळस ब्युटिया, काटेसावर बॉम्बॅक्स. पांगाऱ्याच्या लाल बिया पोरं खेळायला जमवतात. त्या विषारी आहेत, तोंडात जाऊ देऊ नका. आंब्यावरच्या बांडगुळाची फळं खाणारा तो इवलासा फुलटोच्या, त्याच्या शास्त्रीय नावात ‘एरिथ्रोरिंकॉस’ म्हणजे लाल चोचीचा असं आहे. चोच असते फिकट मांसाच्या रंगाची. नाव देणाऱ्याला ती लाल वाटली.

शेवटची पायरी: शब्द आपल्याकडे ठेवा, अर्थ समोरच्याला द्या

रिपोर्ट घेऊन आजी दारात उभी राहते आणि विचारते, ‘माय, हे काय लिवलं हाये वो?’ तिथे एरिथ्रोसाइट म्हणायचं नाही. ‘वाढलाय’ म्हणून गप्पही बसायचं नाही, ती रात्रभर झोपत नाही. मी नव्या मुलीला नळीजवळ उभी करते आणि तिलाच सांगायला लावते. गेल्या वर्षीची एक मुलगी अडखळत म्हणाली, ‘आजी, तुमचं रगत या नळीत उभं ठेवलं होतं. त्यातले लाल कण खाली बसले, जरा लवकर बसले. अंगात कुठी सूज असंल तर असं होते. काय हाये ते डॉक्टर पाहून सांगतीन.’

आजी नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘अन् हे वरचं पिवळं?’

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिने स्टँड आजीच्या डोळ्यांपर्यंत उचलून धरला आणि पुढचं सांगायला लागली.